मासिलामणींच्या पुढचा शब्द

तुमच्या नावाआधी कुणी ‘मढं’ असा शब्द चिकटवला आणि पुढं सगळं आयुष्य त्याच शब्दावर तुमची चूल पेटली, तर तो शब्द तुम्ही खोडाल का? लगेच हो म्हणू नका. मासिलामणींना ‘हो’ म्हणायला केस पांढरे व्हावे लागले.

मासिलामणी म्हणजे डाग नसलेलं रत्न. बापानं हौसेनं ठेवलेलं नाव. तंजावूरकडच्या नाटक कंपनीत पोरवयापासून राजाच्या मागं चवरी ढाळत ते मोठे झाले. कंपनीच्या मालकानं एके दिवशी तंबू विकून भाताची गिरणी टाकली आणि नट रस्त्यावर आले. मग मद्रास गाठलं. वडपळणीच्या देवळामागं एका खोलीत चौघं जण, आणि सकाळ झाली की कोडंबाक्कमच्या स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभं राहायचं. आत घ्यायचं की नाही ते फाटकावरचा माणूस ठरवणार. नट कोण, हे आमच्याकडं आधी वॉचमन ठरवतो.

पहिलं काम मिळालं ते प्रेताचं. हिरोचा चुलता मेलाय, अंगणात तिरडी बांधतायत, बायका छाती पिटून रडतायत. उन्हात पडून राहायचं, एवढंच. गळ्यातल्या हारातून तांबड्या मुंग्या निघाल्या आणि एक सरळ पापणीवर चढून चावली. मासिलामणी हलले नाहीत. दुसरी नाकपुडीपाशी चावली, तरी हलले नाहीत. हिरोचं रडणं चांगलं जमत होतं, आणि आपल्यापायी ते मोडलं तर फाटक कायमचं बंद, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शॉट संपल्यावर रीतीप्रमाणं त्यांना कॅमेऱ्याकडं बघून हसायला सांगितलं. तिरडीवर झोपलेला नट हसला की अपशकुन उतरतो म्हणतात. पण डोळा सुजून बंद झालेला. एका डोळ्यानं हसणारं ते प्रेत बघून सगळं युनिट लोळलं. डायरेक्टर कधी कुणाचं कौतुक न करणारा, तो म्हणाला, “पिणम् असावं तर असं.” पिणम् म्हणजे मढं.

झालं. मासिलामणी नावाचा एक नट आधीच होता. एका नावाचे दोघं झाले की आमचे मॅनेजर लोक पुढं एखादा शब्द लावून मोकळे होतात. कुणी पहिल्या सिनेमात कुलपं विकली, तो जन्मभर ‘कुलूप’. कुणी बस चालवली, तो म्हातारा झाला तरी ‘ड्रायव्हर’. पडद्यावर नाव आलं ते ‘पिणम्’ मासिलामणी, आणि तिथंच बसलं.

नंतर ते प्रेत क्वचितच झाले. हिरोचा बाप झाले, देवळातला गुरव झाले, हेड कॉन्स्टेबल, कंपाउंडर, कोर्टातला शिरस्तेदार झाले. हिरोईनला घराबाहेर काढणारा सासराही झाले. कॅमेरा बहुतेक वेळा त्यांच्या पाठीमागं. तोंड हिरोचं, ह्यांचा फक्त कान आणि खांदा. पण त्या खांद्याकडं एकदा नीट बघा. समोरचा बोलत असताना तो खांदा ऐकत असतो. मोठे मोठे हिरो मागून घ्यायचे, की माझ्यासमोर ह्यांनाच उभं करा, दुसऱ्या कुणासमोर मला रडू येत नाही. हे हिरो मुलाखतीत मात्र कधी बोलले नाहीत. बोलतील कशाला?

त्यांची बायको तैयलनायकी. तिनं तो शब्द घरात कधी उच्चारला नाही. पण फोन यायचे ना. एकदा नव्या मॅनेजरनं विचारलं, “पिणम् घरात आहे का?”

तैयल म्हणाली, “अजून तरी नाही. तुम्ही या, मग बघू.”

तो मॅनेजर पुढं कधीच आला नाही. मासिलामणींना मात्र हसू आलं. शब्द वाईट आहे, हे त्यांना वाटतच नव्हतं. रस्त्यात लोक त्याच नावानं हाक मारायचे, रिक्षावाले वळून बघायचे, इडलीवाला एक वडा जास्त घालायचा. ज्या शब्दानं ताटात भात येतो, त्याच्यावर रागवायचं कसं?

मग मुलीचं, पूंगोदैचं लग्न ठरलं. मुलगा कुंभकोणमचा, वीज मंडळात नोकरीला. मद्रासच्या सालिग्राम भागातल्या ह्यांच्या घरातच साखरपुडा होता. चटईवर दोन्हीकडची माणसं, मधे विड्याच्या पानांची, केळ्यांची, हळदीची ताटं. लग्नपत्रिका मोठ्यानं वाचायची, ताटं बदलायची, की लग्न पक्कं. वाचायला बसले मुलाचे मामा. कागदावर नुसतं मासिलामणी लिहिलं होतं. पण मामा पडले सिनेमाचे वेडे. शेकडो वेळा ऐकलेलं नाव जिभेवर तयारच होतं. भरल्या घरात, हळदीकुंकवासमोर, मामा खणखणीत आवाजात वाचून गेले, “पिणम् मासिलामणी यांची ज्येष्ठ कन्या...”

मुलाच्या आजीनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि चटईवर हात टेकून उठायला लागली. अशा वेळी असा शब्द निघाला म्हणजे पुढं काय वाचायचं, असं तिचं म्हणणं. पोरीचं लग्न त्या ताटाबरोबर जमिनीवर आलं होतं.

तैयल पुढं झाली. “आजी, तो शब्द मी ह्या घरात एकदाही तोंडातून काढलेला नाही. आज तुमच्या माणसानं काढला. तेव्हा उठायचंच झालं तर मी उठते. तुम्ही बसा.”

आजी बसली. मामांनी स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि पत्रिका पहिल्यापासून वाचली. ताटं बदलली, पायसम झालं, माणसं हसतखेळत गेली. पाहुणे गेल्यावर पूंगोदै पेले गोळा करत होती. बापाकडं न बघताच तिनं विचारलं, “अप्पा, मामांनी तो शब्द वाचला तेव्हा तुम्ही हात का जोडलेत?”

मासिलामणींना आठवलं. खरंच जोडले होते. समारंभात नाव पुकारलं की जोडतात तसे, मान जरा झुकवून, हसून. सगळं घर दचकलं, आणि तेवढा एकटा माणूस त्या हाकेला ओ देऊन बसला होता. आजीचं उठणं त्यांना लागलं नव्हतं. हे लागलं.

लग्न पार पडल्यावर ते वरदप्पन मॅनेजरकडं गेले. पुढच्या सिनेमात नाव नुसतं मासिलामणी टाका म्हणाले. वरदप्पन तीस वर्षांच्या ओळखीचा. त्यानं आधी चहा सांगितला, मग समजूत घातली, की अण्णा, नुसत्या मासिलामणीला कोण ओळखतं, वितरकालाही तेच नाव लागतं, दुसरा मासिलामणी आता मेकअपचं काम करत असला तरी नटांच्या संघटनेच्या यादीत आहे, घोटाळा होईल. हे ऐकेनात तेव्हा त्यानं तोड काढली.

“बरं, ‘अप्पा’ मासिलामणी टाकू? बापाची कामं एवढी केलीत.”

“मी अप्पा पूंगोचा. तुझ्या वितरकाचा नाही.”

वरदप्पननं चहाचे पैसे दिले आणि काम दुसऱ्याला दिलं. बातमी फिरायला वेळ लागत नाही. म्हाताऱ्याच्या डोक्यात हवा गेली म्हणे. फोनवर तो शब्द आला की मासिलामणी शांतपणे सांगायचे, “असा माणूस इथं राहत नाही,” आणि ठेवून द्यायचे. मग फोनच यायचे थांबले. सकाळी दाढी करून, धुतलेली वेष्टी नेसून ते पंख्याखाली बसायचे. मालिकांमधल्या पोरांना संवाद शिकवायची कामं आली तेवढ्यावर घर चाललं. तैयलनं दही विकत आणायचं बंद केलं, विरजण घरीच लावायला लागली. ते त्यांना दिसत होतं.

त्यातच संघटनेनं जुन्या नटांचा सत्कार ठेवला. शाल, हार, फोटो. आता संघटना म्हणजे आपल्या माणसांची. माणसाला त्याच्या नावानं बोलवायचं, एवढं तरी तिनं करावं की नाही? स्टेजवरून निवेदकानं पुकारलं, “पिणम् मासिलामणी!” हे दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले. त्यानं पुन्हा पुकारलं. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं. हात उठायला बघत होते, इतक्या वर्षांची सवय होती. त्यांनी ते काखेत घट्ट दाबून धरले.

निवेदक माइकवर म्हणाला, “अहो, खरंच गेले की काय?”

सगळं सभागृह हसलं. ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं ते हसले. मासिलामणी त्या मुंग्या चावल्या तेव्हा जसे पडून होते, तसेच बसून राहिले. निवेदकानं पुढचं नाव घेतलं. शाल ताटातच राहिली. जिन्यात एका जुन्या नटीनं अडवून विचारलं, की एका शब्दासाठी एवढं? ते म्हणाले, “शब्दासाठीच तर आपण आयुष्यभर उभे राहिलो, अम्मा.”

बऱ्याच महिन्यांनी एका पोरीचा फोन आला. कयलविळी, पहिलाच सिनेमा दिग्दर्शित करणारी. तैयलनं उचलला. पलीकडून आवाज आला, “मासिलामणी सर आहेत का?” तैयलनं नाव-गाव काही न विचारता फोन नवऱ्याच्या हातात दिला.

काम निवृत्त पोस्टमनचं होतं. कॅमेरा समोरून. त्यांना आधी जमेना. समोरून कॅमेरा असला की खांदा कुठं ठेवायचा, हेच कळेना. मग जमलं. सिनेमा दोन आठवडे चालला, ह्यापेक्षा मोठं काही घडलं नाही, आणि मी ते घडवून सांगणार नाही. ते दोघं बसनं जाऊन बघून आले. पडद्यावर पाच अक्षरांचं नाव एकटंच आलं. तैयलनं त्यांचं मनगट धरलं. त्याच क्षणी मागच्या रांगेतून कुणीतरी आनंदानं ओरडलं, “अरे, आपला पिणम्!”

मासिलामणींनी हात जोडले नाहीत. वळूनही पाहिलं नाही.

म्हणजे पडद्यावरचा शब्द गेला, तुमच्या-आमच्या तोंडातला गेलेला नाही. तो काही कुठला मॅनेजर काढू शकत नाही. म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. सालिग्रामच्या बाजारात संध्याकाळी पांढऱ्या वेष्टीतले, शेवग्याच्या शेंगा निवडणारे म्हातारे दिसले तर खुशाल थांबा, फोटो काढा, ते नाही म्हणत नाहीत. फक्त हाक मारताना मासिलामणी म्हणा. पुढं काही लावू नका.