रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

आधीच सांगते — भूतखेत, करणी, बाहेरचं काही... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. पाहुणे गेले की मावशी आम्हा पोरांवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची, तेव्हा तिची सगळ्यात जास्त थट्टा करणारी मीच. त्यातून माझं काम आवाज मोजण्याचं. मायक्रोफोनवर येतं ते आहे, येत नाही ते नाही, इतकं सरळ. आणि हे मायक्रोफोनवर आलं, म्हणून तर लिहायला बसलेय.

आम्ही स्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला राहतो. मी, नवरा मंदार आणि आमची आठ वर्षांची रेवा. माझी कंपनी म्हणजे गेर्लिंगेनची ती प्रसिद्ध कंपनी नव्हे, लगेच अंदाज बांधू नका. बसने थोडं पुढे गेलं की एक औद्योगिक वसाहत लागते, तिथली एक मध्यम आकाराची. गाडीची सीट मागेपुढे करणारी जी छोटी मोटर असते ना, तिचा आवाज गिऱ्हाइकाच्या कानाला खुपतो की नाही, हे मी तपासायची. बारा वर्षं! पुण्यात 'जर्मनीत ऑटोमोबाइलमध्ये आहे' म्हटलं की नातेवाइकांच्या माना डोलायच्या. आपण दिवसभर एक घुंईऽऽ ऐकतो आणि संध्याकाळी त्याचा रिपोर्ट लिहितो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. रविवारी दुपारपासूनच मी सोमवारच्या नावाने कुरकुरायला लागायची.

या कामासाठी आमच्याकडे एक खास खोली होती. भिंती, छत, जमीन, सगळीकडून फोमचे लांब सुळके आत आलेले. पायाखाली ताणलेली तारेची जाळी, तिच्यावरूनच चालायचं. दार हातभर जाड. आत कुठलाही आवाज उलटून येत नाही, त्यामुळे बोललेला शब्द तोंडातून निघतो आणि तिथेच मरतो. नवखा माणूस दोन मिनिटांत बाहेर पळतो, कारण त्याला स्वतःची नाडी ऐकू यायला लागते. मला मात्र त्या खोलीचं कधी काही वाटलं नव्हतं.

मोटर लावण्याआधी एक काम ठरलेलं असतं. खोली रिकामी ठेवायची, सगळं बंद करायचं आणि त्या शांततेचंच रेकॉर्डिंग करायचं. म्हणजे नंतर मोटरचा आवाज नेमका किती, ते कळतं. थोडक्यात, 'काहीच नाही' हे नीट मोजून घ्यायचं. हे काम मी आणि येन्स करायचो. येन्स साठीचा, आमच्या खात्यातला सगळ्यात जुना माणूस. त्याचं सगळं आयुष्य त्या खोलीच्या दाराशी गेलेलं.

ही गोष्ट मागच्या वसंतातली. त्याच्या थोडं आधी सासू-सासरे इथे आले होते. सासऱ्यांचं कानातलं मशीन बिघडलं, म्हणून मी त्यांना जवळच्या गावातल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकान फ्राऊ केलर नावाच्या बाईंचं. त्यांनी मशीन साफ केलं, काहीतरी जुळवलं आणि परत कानात बसवलं. मी नेहमीच्या सवयीने ओरडले, "अहो बाबा, ऐकू येतंय का?"

"अगं, ओरडतेस काय! बहिरा आहे का मी?" बाबा म्हणाले. मग बरोबर आलेली रेवा काहीतरी पुटपुटली, तर तिच्याकडे वळून म्हणतात कसे, "हिचा आवाज इतका गोड आहे होय!"

मला तिथेच रडू फुटलं. नंतर मी त्या दुकानात दोन-चारदा उगाचच गेले. शेवटी फ्राऊ केलरनीच विचारलं, "आवाजातलं तुम्हाला एवढं कळतं, मग माझ्याकडे शिकायला का येत नाही? सप्टेंबरपासून आउसबिल्डुंगची जागा आहे." कानाची मशीनं बसवायचं तीन वर्षांचं शिक्षण, निम्मं शाळेत, निम्मं दुकानात. बरोबरची मुलं सतरा-अठरा वर्षांची आणि मी चाळिशीची घोडी.

मंदार वाईट नाही, पण तोही म्हणाला, "मृणाल, इंजिनीअर बाई तू, आता शिकाऊ होणार? पुण्यात काय सांगायचं?" आईने फोनवर विषयच बदलला. आणि खरं सांगायचं तर माझीच हिंमत होत नव्हती. ईस्टरनंतर उत्तर द्यायचं होतं. 'नको' अशी मेल मी लिहून ठेवली होती, फक्त पाठवायची बाकी होती.

त्या सोमवारी सकाळी आम्ही नेहमीसारखं रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग लावलं. येन्सच्या कानाला हेडफोन. अचानक त्याने तो काढला आणि माझ्याकडे बघितलं.

"आत कुणी आहे का?"

"छे! दार मीच लावलंय."

त्याने रेकॉर्डिंग मागे नेऊन हेडफोन माझ्या हातात दिला. आधी काहीच नव्हतं. मग श्वास... कुणीतरी माइकच्या अगदी जवळ बसून घेतल्यासारखा. आणि मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज, स्पष्ट मराठीत —

"आलीस? ये."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काय म्हणाली ती? ही कुठली भाषा?" येन्सने विचारलं.

"काय माहीत... कुणाच्या तरी फोनची गडबड असेल," मी म्हटलं. का खोटं बोलले, सांगता येत नाही. आवाज ओळखीचा वाटला होता, एवढंच.

आम्ही दार उघडून बघितलं. आत चिटपाखरू नव्हतं. येन्सने माइक बदलला, केबल बदलली, पुन्हा रेकॉर्डिंग केलं. या वेळी स्वच्छ. "गेनाऊ, बरोबर, केबलच होती," असं म्हणून तो कामाला लागला, पण दिवसभर माझ्याशी धड बोलला नाही.

तेवढा तुकडा मी फोनवर घेतला होता. संध्याकाळी मंदारला ऐकवला.

"तुझाच तर आवाज आहे," तो म्हणाला. "सर्दी झाली होती का तेव्हा?"

शेजारी रेवा गणितं करत बसली होती. आमचं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. मान वर न करता म्हणाली, "डास बिस्ट डू, आई. आबर आल्ट." म्हणजे, ही तूच आहेस आई, पण म्हातारी.

मंदार हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती 'नको'ची मेल पाठवायची, असं ठरवूनच मी ऑफिसला गेले. एकदाचा विषय संपला की हे भासही संपतील, असं मनाला बजावत होते. जेवून आलो तर आतला एक माइक कलला होता. येन्स टेबलापाशी बसला, मी आत गेले. दार लागू नये म्हणून खाली अडसर लावला होता, हे मी शपथेवर सांगेन. मी जाळीवरून मध्यावर पोहोचले आणि मागे ते एवढं जड दार आपोआप लागलं.

मी स्वतःला म्हटलं, घाबरायचं नाही. कानात नाडीचे ठोके सुरू झाले. ते तर नेहमीचंच. पण जरा वेळाने लक्षात आलं... ठोके दोन प्रकारचे आहेत. एक माझे, भराभर पडणारे. दुसरे सावकाश, थकलेले, माझ्या डाव्या खांद्यामागून येणारे.

मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. दाराकडे बघतच मी विचारलं, "कोण आहे?"

माझे शब्द पुरते तोंडाबाहेर पडले नव्हते, तोच कानाशी आवाज आला. माझाच, पण झिजलेला, आणि फार प्रेमाने बोलणारा.

"बस. सवय होते."

त्या प्रेमाचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. धमकी असती तर परवडली असती. मी दाराकडे धावले, आतला दांडा दाबला. हलेना. खांदा लावला. हलेना. मागे जाळीच्या तारा करकरल्या, कुणीतरी उठून चालायला लागावं तशा. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "मला नाही बसायचं! नाही बसायचं मला!" आणि दार उघडलं.

बाहेर येन्स उभा होता. चेहरा पांढराफटक. दार बाहेरून अगदी सहज उघडलं म्हणाला. हेडफोनवर त्याने सगळं ऐकलं होतं, रेकॉर्डिंगही झालं होतं. आम्ही दोघांनी ते एकदाच ऐकलं. माझं 'कोण आहे' संपायच्या आत तिचं 'बस' सुरू होतं. दोन आवाज एकमेकांवर चढलेले. एकाच माणसाच्या तोंडातून असं निघू शकत नाही, हे आम्हा दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

"त्स्वाय," येन्स एवढंच म्हणाला. दोन. मग हळूच विचारलं, "ती काय म्हणतेय, मृणाल?"

"नंतर सांगते," मी म्हटलं, आणि जॅकेटही न घेता बाहेर पडले.

पार्किंगच्या कट्ट्यावर बसून मी ती मेल पुसून टाकली आणि फ्राऊ केलरना 'येते' असं कळवलं. लोक आता म्हणतात, काय धाडस केलंस! धाडस कसलं? मी घाबरून पळाले हो. त्या बाईसारखं शांत होण्याची भीती चाळिशीत शिकाऊ होण्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली, इतकंच.

घरी मंदारला सगळं सांगितलं. त्याने तो तुकडा पुन्हा एकदा ऐकला. मग म्हणाला, "तो आवाज तुझा आहे हे मीच पहिल्यांदा म्हणालो होतो ना... दे राजीनामा. पुण्याचं मी बघतो."

राजीनाम्यानंतर नोटिशीचे महिने भरावे लागले, पण त्या खोलीत मी पाऊल टाकलं नाही. येन्स काही न विचारता आतली सगळी कामं स्वतः करायचा. आता मी दुकानात शिकते. वर्गातली पोरं मला अगदी बरोबरीने वागवतात आणि परीक्षेच्या आधी नोट्स मागतात. कान तपासायच्या छोट्या केबिनमध्ये दार लावून बसावं लागतं. पहिल्या दिवशी घाम फुटला होता. पण तिथे फक्त माझी एकटीची नाडी ऐकू आली.

माझ्या एका डॉक्टर मैत्रिणीच्या मते हा ताण होता. असेल. पण ताण रेकॉर्ड होत नाही.

मागच्या महिन्यात दुपारी येन्सचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तू नंतर सांगते म्हणाली होतीस. काय म्हणत होती ती?"

मी सांगितलं. बस, सवय होते. तो म्हणाला, "हो. मला तसंच वाटलं होतं."

"तुला मराठी कुठे कळतं?"

"आता जर्मनमध्ये ऐकू येतं."

"तीच बाई?"

"नाही. बाई नाही."

"येन्स, सोड ती नोकरी. आजच सोड," मी जवळजवळ ओरडले.

तो हसला. "आता निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत, मृणाल. आणि खरं सांगू? पहिल्यासारखी भीती नाही वाटत."

त्यानंतर मी कितीदा फोन केला, तो उचलत नाही. हे काय होतं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि ते शोधणंही मी सोडून दिलंय. पण त्याला तिथून बाहेर कसं काढायचं, हे तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल, तर खाली नक्की लिहा.