वाचेचं गुत्तं

साल २०२४, वय चौऱ्याहत्तर. शाळा दुसरीपर्यंत, पण पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात विहाराचा भोंगा माझ्याच हातात आहे. समोर मारुतीचं देऊळ. तिथला भोंगा विष्णूच्या हातात. विष्णू आणि मी तीस हंगाम एका फडात ऊस तोडला, एका तव्यावरची भाकरी खाल्ली. गेल्या वर्षी त्यानं आवाज वाढवला, मग मी वाढवला, आणि आमचं बोलणंच बंद झालं. तेव्हा ठरवलं, अशोक राजानं दगडावर काय कोरलंय ते आणायचं आणि भोंग्यातून विष्णूच्या कानात घालायचं.

बेलापूरला एक म्हातारे गुरुजी आहेत. साखरशाळेत (ऊसतोडीच्या पोरांच्या शाळेत) माझी पोरं त्यांच्याकडं शिकली. जुने शिलालेख वाचायचा त्यांना नाद.

सकाळी जीपनं शेवगाव गाठलं. भाकरीचं गाठोडं जीपमध्येच राहिलं. स्टँडवर भेळ खाऊन श्रीरामपूरची म्हणून एका गाडीत बसलो. नेवाशाला कंडक्टर बाई म्हणाल्या, "उतरा बाबा. गाडी इथवरच हाय, मगाच सांगितलं."

"मग मोठ्यानं सांगायचं!"

"आता भोंगा लावू का?"

सगळी गाडी हसली. मी नाही हसलो.

नेवाशाच्या पुढं हिरवं लागतं. आमच्याकडं खडक आणि बाभळी. इकडं पाटाचं पाणी आणि रस्त्यावर वाकलेला ऊस. उभा फड दिसला की कोयता धरल्यागत माझी उजवी मूठ अजून आवळते.

दुसऱ्या गाडीनं श्रीरामपूर, तिथून बेलापूर गाठलं. गुरुजींनी आत नेऊन थालीपीठ-लोणी खाऊ घातलं, मग वही काढली.

मी म्हणालो, "आपला राजा मोठा, येवढंच झणझणीत लिहून द्या."

त्यांनी वाचलं. राजा सगळ्याच पंथांचा मान राखतो म्हणे. जो आपल्या पंथाची बढाई मारून दुसऱ्याच्या पंथाला नावं ठेवतो, तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो.

"हे न्हाई. दुसरं काढा."

"दगडावर हेच आहे, भागाजी. मूळ शब्द ऐका: वचगुती."

"वाचेचं गुत्तं?" आमच्याकडं गुत्तं म्हणजे ठेका.

"गुत्तं नव्हे, गुप्ती. जीभ राखणं."

"गुत्तंच बरोबर. एकट्यानं जीभ राखून काय हुतंय? दोघं लागत्यात."

गुरुजी गालात हसले. "बरं, गुत्तं. मग आधी अंगठा कोण उठवणार?"

मी अंगठेबहाद्दर न्हाई, सही करतो, असं तावातावानं सांगितलं. त्यांनी ते विचारलं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

त्यांनी लिहून दिलेला कागद खिशात घालून दिवेलागणीला घरी आलो. एवढ्या लांब राजाला साक्षीला आणायला गेलो, आणि त्यानं साक्ष माझ्याच विरुद्ध दिली. विष्णूच्या बाजूनंही नाही दिली, एवढंच समाधान.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून चढलो. विहाराच्या भोंग्याचं तोंड देवळाकडून माळाकडं फिरवलं. शिडी डगमगली.

"थेरड्या, पडशील की!" देवळाच्या ओट्यावरून विष्णू ओरडला. वर्षातला पहिला शब्द.

जिभेवर आलेली शिवी गिळली आणि म्हणालो, "मग ये की, धर शिडी."