लग्नपत्रिकेएवढी फट

वायंडिंगमामा कोणाचीही मोटार जळाली असं कधी म्हणत नसत. शेतकरी तोंड पाडून पाण्याची मोटार घेऊन आला, की तिच्यावर हात ठेवून म्हणायचे, "दमलीय. ठिवून जा." आत तारांचा कोळसा झालेला असला तरी ती दमलेलीच. परभणीजवळच्या मानवतला आमच्या घराला लागून त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे बिघडलेल्या मोटारीत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. ते नात्याने आमच्या गल्लीत कोणाचेच मामा नव्हते, त्यामुळे सगळ्यांचे झाले होते.

मोटारीचं दुखणं ते कानाने ओळखत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीच्या अंगाला लावायचं, मूठ कानाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. "बेरिंग रडायलंय," म्हणत, आणि उघडून बघावं तर बेरिंग गेलेलं असे. दुसरा नाद लग्नपत्रिकांचा. गावातल्या झाडून साऱ्या पत्रिका जपून ठेवत, लग्नाला मात्र क्वचित जात. पत्रिकेची चिंचोळी पट्टी कापायची आणि मोटारीचा फिरणारा भाग नि त्याच्याभोवतीचं कवच यांच्या मधे सरकवून बघायची. सहज सरकली तर फट बरोबर. मामी दुकानातच बसून तारेची वेटोळी गुंडाळून द्यायची. ती म्हणायची, "लोक पत्रिका बघून जेवायला जातेत, हे कात्री आणतेत."

एका उन्हाळ्यात मामांना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला आणि दुकानाला कुलूप लागलं. "हात गेल्यावर मिस्त्री कशाचा?" एवढं एकदा म्हणाले, मग बोलणंच सोडलं. तेव्हा मीही पुण्याहून पाय मोडून घेऊन घरी पडले होते. मामीने त्यांना दुपारी आमच्याकडे आणून बसवलं. "दोघंबी बेकामी. एका जागी बसा, म्हंजे मला एकदाच चहा करावा लागंल."

मी लॅपटॉपवर रॉकेटचा खेळ खेळायचे. सुटे भाग जोडून यान बांधायचं आणि आकाशात सोडायचं. रॉकेटं खूप झाली, म्हणून मी हेलिकॉप्टरचा हट्ट धरला होता. पण त्या खेळात एकदा जोडलेला भाग घट्ट चिकटतो, फिरत नाही. म्हणून मी पंखा न जोडता नुसता वर ठेवला होता आणि त्याच्या दांड्याला चारी बाजूंनी छोट्या चाकांनी धरलं होतं. चाकं फिरली की दांडा फिरणार, असा बेत. प्रत्यक्षात सगळं थरथरायचं आणि तुकडे उडायचे. चौथ्यांदा तुकडे उडाले तेव्हा मामांनी कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं.

"बेरिंग कुठाय?"

"या खेळात बेरिंग मिळत नाही, मामा."

"मिळत न्हाई म्हंजे? परभणीला बी?"

मी हसले. त्यांनाही हसू आलं, तोंड एका बाजूला जरासं वाकडं होऊन. मग विचारलं, "फट किती ठिवली?"

"फटच नाही. हलू नये म्हणून गच्च आवळलंय."

"गच्च आवळल्यावर फिरंल कसं, माय? मोकळं पायजे, पर सुटं नको. लग्नपत्रिकेएवढी फट ठिव."

पडद्यावर पत्रिका कुठून आणायची? मी चाकं केसभर मागे घ्यायची, मामांनी लॅपटॉपला कान लावायचा आणि "आजून रडायलंय" म्हणायचं. आवाज खेळातला, खोटा, हे मी त्यांना सांगितलं नाही. आठवड्याने पंखा फिरला, पण खालचं धड उलट्या दिशेने गरागरा फिरायला लागलं. माझा धीर सुटला. मामा मात्र खुशीत होते. "बोरमधली मोटार सुरू हुताना पायपाला उलटा झटका बसतो, बघितला न्हाईस का? ढकलणारा बी मागं सरकतोच की. वर आणखी एक पंखा लाव, उलटा फिरणारा. एकमेकाचा झटका खातेल."

त्याच संध्याकाळी मामीने मला दारात गाठलं. "दुकान मोडायचं म्हनायलेत. सोमवारी गिऱ्हाईक यायलंय सामान बघायला. तुझ्यापाशी बसले की तेवढा इषय काढत न्हाईत." त्यानंतर मी इरेला पेटले. मला आता हेलिकॉप्टर नको होतं, मामा हवे होते.

रविवारी दुपारी दोन्ही पंखे उलटसुलट फिरले आणि धड जागेवर थांबलं. वेग वाढवायचं बटण मी मामांना दाबायला लावलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून आणला आणि बोट ठेवलं. यान जमिनीवरून वीतभर उठलं, मग घराएवढं. मामांनी बटणावरचं बोट उचललंच नाही.

"हात तुझे हुते," ते म्हणाले.

"डोकं तुमचं होतं."

सोमवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा दुकानाचं दार उघडं होतं. मोटारीपुढे मामी बसली होती आणि मामा खुर्चीवरून तिच्यावर खेकसत होते. आलेल्या माणसाला म्हणाले, "दुकान दमलं हुतं. इकायचं न्हाई."

पुढे मामीच्या हाताने मामांनी पाच वर्षं मोटारी भरल्या. माझ्या लग्नाची पहिली पत्रिका मी त्यांना नेऊन दिली. डाव्या हाताने वाकवून बघितली आणि म्हणाले, "लय जाड हाय. उपेगाची न्हाई." मी खोटं खोटं रुसले. दुसऱ्या वर्षी मामा गेले. मला वेळेवर पोचता आलं नाही, ते अजून सलतं.

परवा मानवतला गेले तेव्हा दुकानात मामी एकटीच होती. चष्मा नाकावर, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला. मोटार बंद करून उघडली आणि डब्यातून एक पट्टी काढली. सोनेरी काठाची. तिच्यावर माझं अर्धं नाव होतं.

"ही तर जाड होती ना?"

"हुती की. भिजवून पापुद्रा काढायला लावला मला. म्हनले, पोरीची हाय, तिलाच कामाला लावू."

मामीने पट्टी फटीत घातली. कुठेही न अडकता ती आरपार गेली.