कणगीवरची हिरवी रेघ

खोडाळ्याच्या जगनला सुतारकाम येत होतं, पण त्याहून जास्त मिजास येत होती. खांबांवर सारख्या उंचीच्या खुणा करायला त्याच्याकडे पाण्याची लांब नळी होती. एक टोक तो धरी, दुसरं त्याची बायको ठकी. दोन्हीकडे पाणी स्थिरावलं की खूण मारायची. पण ठकी गप्प राहणारी नव्हती. "वर घे, खाली घे, थांब," असं ती चारचौघांत सांगे आणि जगनच्या नाकाला मिरच्या झोंबत. बायकोवाचून आपलं अडत नाही हे साऱ्यांना दाखवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

म्हणून स्वारी जव्हारला गेली आणि चहूकडे एकाच उंचीवर उजेडाची आडवी रेघ पाडणारी लेझर लेव्हल घेऊन आली. निवड कशी केली? लाल रेघेपेक्षा हिरवी झगझगीत, म्हणून हिरवी. दुकानदार म्हणाला, "तिपाई घ्या. मशीन जिथं बसवाल तिथून हलता कामा नये."

"तिपाई कशाला? पाठीला लोहचुंबक हाय ना. खांबालाच चिकटवीन."

पोशेऱ्यात माघीबायच्या नव्या घरात माळा घालायचा होता. जगननं ऐटीत यंत्र खांबाला लावलं. ते घसरलं, नशिबानं हातात सापडलं. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. खांब सागाचा, चुंबक धरणार कशाला? जन्म लाकडात गेलेल्या माणसाला एवढंही सुचू नये! मग या दीडशहाण्यानं नागलीनं भरलेल्या कणगीत, दाण्यांवरच फळी टाकली आणि तिच्यावर यंत्र मांडलं. हिरवी रेघ घरभर उमटली.

"ठकीला सांगा, ये म्हणावं बघायला," तो म्हणाला. जेवणाआधी त्यानं एका बाजूच्या खांबांवर खुणा केल्या, जेवून उठल्यावर दुसऱ्या बाजूच्या.

माळा उभा राहिला. माघीबायनं हौसेनं पहिला भोपळा वर ठेवला. भोपळा गडगडत निघाला आणि धप्पकन जगनच्या पायाशी पडला.

"तुझा घरच वाकडा, माघीबाय," जगन म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं! "नायतर मशीन कोणीतरी हालवला."

"मी तं हात नाय लावला," माघीबाय म्हणाली. "कणगीच्या बुडाचा बोळा काढून टोपलंभर नागली घेतली फक्त. तुला भाकरी नको घालाय?"

जगननं कणगीत डोकावून पाहिलं. दाणा दोन बोटं खाली बसला होता, आणि त्याच्यासोबत फळीही. रेघ दोन्ही वेळा सरळच होती, पण दुपारची सकाळच्यापेक्षा खाली होती. सकाळची उंची या शहाण्यानं दुपारी मिरचीच्या ठेच्याशी खाऊन टाकली होती, वर ढेकरही दिला होता.

आता माळा उतरवून पुन्हा खुणा करणं आलं. यंत्र चालू करायची त्याची छाती होईना. घरी येऊन तो दारातच घुटमळला. शेवटी मान खाली घालून सगळं सांगितलं.

ठकीनं शांतपणे ऐकून घेतलं. खुंटीवरची नळी काढली. मग विचारलं, "भाकरी तरी गोड लागली का?"

जगनला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी निम्मा पोशेरा माघीबायच्या दारात जमला होता. पलीकडच्या खांबापासून ठकीचा खणखणीत आवाज आला, "वर घे. अजून वर. आता थांब."

जगन थांबला.