पोळ्यासाठी रंगवलेला वाख

मुलांनो, माझ्या नीटनेटकेपणाचं तुम्ही फोनवर कौतुक करता, तेव्हा मला तलवाड्याची आमची दोर वळणाऱ्या बायकांची सहकारी संस्था आठवते आणि चिडचिड होते.

मी संस्थेची सचिव होते. घायपाताच्या पानांतून काढलेल्या धाग्याला, म्हणजे वाखाला, पीळ देऊन बायका बैलांचे गोंडे, तोंडावर बांधायच्या मोरख्या आणि जनावरं बांधायची दावी करत. काम असलं तर त्या गावात राहत. नसलं की ऊसतोडीला जात. त्यांना गावात ठेवायचं, एवढ्यासाठीच संस्था काढली होती.

सगळं नीटनेटकं राहावं म्हणून प्रत्येकीला मी एकच काम वाटून दिलं होतं. जाड दावं वळणारी एकच बाई होती. ती म्हणायची, "बाई, ह्यांला दावं शिकवा अन् मला गोंडे. एकीलाच एक काम कावून?"

"जिचं काम तिनंच करावं," मी म्हणायचे.

त्या वर्षी पाऊस नव्हता. दावी खपेनात, म्हणून तिला घरी बसवलं. पोळ्याला मात्र दरवर्षीसारखी मागणी येणारच, असं धरून मी होता नव्हता तेवढा वाख तोडून, रंगवून गोंडे करून घेतले. लोकांनी पोळ्याआधीच बैल विकले. लाल-हिरव्या गोंड्यांचे ढीग तसेच पडून राहिले.

दसरा झाला आणि राहिलेल्या जनावरांसाठी पाली गावाजवळ चारा छावणी उघडली. त्यांना दावी हवी होती, आठवड्याच्या आत. गोंड्यांच्या तुकड्यांची दावी होईनात. कोरा वाख कसाबसा मिळवला. पण वळणार कोण?

मी तिच्या दारात गेले. बिऱ्हाड बांधून झालं होतं. ऊसतोडीला नेणारा मुकादमाचा ट्रक दुसऱ्या सकाळी यायचा होता.

"थांब गं, तुला काम आलंय."

"आता व्हय? मी थांबले तर आमचे मालक एकटे ऊस तोडत्याल का मोळ्या बांधत्याल?"

तरी ती आली. दिवस मावळेपर्यंत चौघींना शिकवत बसली. एका गोंडेवालीचं पहिलं दावं तिनं ओढलं, तर पीळच उलगडला.

"लई देखणं हाय. शेळी बी तोडंल. गोंडा लाव त्याला!"

सगळ्या हसल्या. मी नाही.

सकाळी ट्रकमध्ये चढताना ती त्या चौघींनाच बजावत होती, "पीळ सैल सोडू नगा." माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. छावणीची दावी वेळेत गेली, पुन्हा मागणीही आली. बाकीच्या सगळ्या त्या हंगामात गावातच राहिल्या. ती तेवढी गेली.