नवसूबाबाचा थाळ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. बँडमधल्या पोरांना नाही — पोरं कसली, सगळ्यांना टकलं पडली — आणि मुलाखती घेणाऱ्यांना तर नाहीच नाही. त्यांना मी पुष्कळ काही सांगत आलो, बोलण्यात मी कधी कमी पडलो नाही. एवढंच मात्र ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. तुम्हालाच का सांगतोय? कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून.

माझं नाव तुम्हाला ठाऊक नसेल, पण ती धून तुम्ही ऐकली आहे. मोटारसायकलच्या जाहिरातीत लागायची. आधी एकच लांबलचक सूर, भर दुपारी बंद खोलीत भुंगा फिरतो तसा, आणि मग त्याच्यावर गिटार उतरते. त्या सुरावर माझं सगळं उभं आहे. शहापूरच्या पुढे तानशाच्या बाजूला हे घर, भिंतीवरच्या गिटारी, दारातली गाडी, परदेशातले दौरे. मुरबाडच्या भातगिरणीवाल्याचं पोरगं केस वाढवून रॉक वाजवतंय म्हणून जे फिदीफिदी हसायचे, तेच पुढे लग्नपत्रिका घेऊन यायला लागले — दादा, नुसते येऊन बसा, बाकी काही नको.

धून सुचली कुठे, असं सगळे विचारायचे. मी सांगायचो, सिद्धगडावर. एकटाच बसलो होतो, दरीतून वारा वर येत होता, आणि सुचली. सिद्धगडावर वारा असतो, एवढं खरं. बाकी थाप.

सिद्धगडाच्या पायथ्याशी एका ठाकूरवाडीत नवसूबाबा राहायचा. वडिलांच्या गिरणीवर भात भरडायला यायचा, येताना मध आणायचा. किरकोळ माणूस, डोळे मात्र असे की समोरच्याच्या मागे कोणीतरी उभं आहे आणि हा त्याच्याकडे बघतोय. तो थाळ वाजवायचा. काशाचं ताट, मधोमध मेणानं चिकटवलेली उभी काडी. काडीवरून बोटं खाली ओढली की ताट घुमतं. ते घुमणं थांबत नाही. एक बोट सुटायच्या आत दुसरं आलेलं असतं. वाडीत माणूस गेलं की त्याच्या दिवसाला नवसूबाबा थाळ घेऊन बसायचा. आधी सुरानं मेलेल्याला बोलवायचं, मग गाण्यातून वाट सांगायची — हा ओढा ओलांड, ह्या डोंगराच्या डाव्या अंगानं जा, मागे बघू नको. शेवटाला त्याला पोचवायचं आणि मगच थाळ खाली ठेवायचा. आजूबाजूच्या वाड्यांतले सगळे मेलेले त्यानंच पोचवलेले.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. वाडीतली एक म्हातारी गेली, तिच्या दिवसाला मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो. चोरून नाही, त्याला विचारून. त्यानं एकच अट घातली. "घरात उगा वाजवू नको हां. हा सुरू झाला का येनारा येतो. त्याला वाटेला लावल्याबिगर थांबायचा नाय." मी हो म्हटलं. तरुण होतो, हो म्हणायला काय जातं?

कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. पहिल्या बाजूला बोलावणं, दुसऱ्या बाजूला पोचवणं. मी त्यातलं फक्त बोलावणं उचललं — गिटारच्या तारेवर धनुकली ओढून तोच सूर काढला, पेटीतून मोठा केला. पेटी म्हणजे ॲम्प, गिटारचा आवाज वाढवणारा तो जाडजूड खोका. गाणं चाललं. कसलं चाललं, धावलं! पुढची कित्येक वर्षं मी गावोगावी, हजारो लोकांसमोर बोलावणं वाजवत गेलो. पोचवणं कधीच वाजवलं नाही. ते लांब होतं, आणि लोकांना नाचता आलं नसतं.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, सगळेच उचलतात. मीही मनाला तेच सांगायचो. मला जे सांगायचंय ते हे नाही — अजून त्याच्याभोवतीच घुटमळतोय मी.

नवसूबाबा गेला तेव्हा गाणं अगदी जोरात होतं. तो गेल्याचं मला कळलं ते त्याच्या मुलीकडून, भागीकडून. मुरबाडहून एसटी बदलत बदलत ती ह्या घरी आली. हातात वरईची पिशवी. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून माझ्यासाठी आणलेली. सोफ्यावर बसली नाही, ओटीवरच टेकली.

तिचं म्हणणं सरळ होतं. बापाचे दिवस आले, आणि थाळ वाजवणारा कोणी उरला नाही. तरणी पोरं वीटभट्टीवर गेली, पुतण्याला नुसती सुरुवात येते. सगळ्यांना पोचवणाऱ्याला पोचवायला माणूसच नाही. तेव्हा कोणाला तरी आठवलं की त्या गिरणीवाल्याच्या मुलानं बाबाचा थाळ भरून नेलाय. "त्याचाच आवाज लावू, दादा. त्याची वाट तोच सांगंल त्याला."

कॅसेट आतल्या कपाटात होती. उठून चार पावलांवर. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? वाडीतला मांडव, भाड्यानं आणलेला कर्णा, त्यातून पंचक्रोशीत घुमणारा तो सूर — आणि जाहिरात पाहिलेलं एखादं पोरगं उठून म्हणतंय, अरे, हे तर ते गाणं! मग सिद्धगडाचा वारा कुठे, मुलाखती कुठे, मी कुठे? चोराच्या मनात चांदणं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, ती टेप खराब झाली गं, बुरशी आली.

ती म्हणाली, "खराब तर खराब. खरखरली तरी चालंल."

म्हटलं, फेकून दिली.

एवढंच. दोन वाक्यं. तिनं मान हलवली, म्हणाली, "मंग काय करनार." चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि एसटी गाठायला निघून गेली. वरईची पिशवी ठेवून गेली. तिला खोटं वाटलं का? नाही. तेच तर. तिला माझं खरं वाटलं.

ती फाटकाबाहेर पडल्यावर मी कॅसेट कपाटातून काढली. बायकोच्या हाती लागायला नको, बँडवाल्यांच्या नको, म्हणून पेटीची मागची फळी उघडली आणि आत, स्पीकरच्या पाठीला टेकवून ठेवली. तिथे कोण बघणार? फळीचे स्क्रू परत आवळले.

पेटी घुमायला लागली ती त्यानंतर. गिटार न लावता घुमायची. हलका, एकसारखा सूर. रिपेअरवाला आला, म्हणाला अर्थिंगचा लोचा आहे. अर्थिंग नवीन केलं, वायरी बदलल्या. पेटी कार्यक्रमाला नेली की तिथेही तेच. बायको म्हणायची, तुमच्या कानातच आहे ते, वय झालं आता. मी हसायचो. पण स्वयंपाकघरात ती ताटं लावायची तेव्हा मांडणीतली ताटं बारीक थरथरताना तिनंही पाहिली होती. मालगाडी जात असेल, म्हणाली. रेल्वेलाइन इथून केवढी लांब आहे!

मग भारनियमनाचे दिवस आले. आमच्याकडे दुपारी तासन् तास लाईट नसायची. अशाच एका दुपारी बायको माहेरी गेलेली, पंखा बंद, फ्रीज बंद, बाहेर पान हलत नव्हतं. त्या शांततेत मला ऐकू आलं. मी जाऊन पेटीचं बटण पाहिलं — बंद. प्लग पाहिला. तो काढून बाजूला ठेवलेला होता. आणि पेटी घुमत होती. फळीवर हात ठेवला तर बोटाखाली लागत होतं, एक बोट सुटायच्या आत दुसरं आल्यासारखं.

मी घाबरलो. स्क्रू काढले, कॅसेट ओढून काढली, गाडीत जाऊन बसलो आणि गाडीच्या टेपमध्ये घातली. म्हटलं, पोचवणं वाजवू. आत्ता, इथे, एकदा शेवटपर्यंत वाजवू आणि सोडवू त्याला. दुसरी बाजू लावली.

काही नव्हतं. पहिली बाजू लावली. तिथेही नुसतं सूं सूं. मग डोक्यात उजेड पडला. स्पीकरच्या पाठीला लोहचुंबक असतं, ह्या मुठीएवढं, आणि लोहचुंबकाशी कॅसेट ठेवली की पुसली जाते. गिटार शिकणाऱ्या पोरांना मीच हे पहिल्या दिवशी सांगतो. आणि वर्षानुवर्षं मीच ती तिथे टेकवून ठेवली होती. भागीला सांगितलेलं खोटं माझ्याच हातून खरं झालं. टेप खराब झाली. आवाज गेला.

पण गेला कुठे? गाडी बंद केली तेव्हा घरातून तो घुमतच होता.

मागच्या थंडीत म्हशाच्या जत्रेत भागी भेटली. वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. केस पांढरे झालेले. मला बघून तिला आनंद झाला, खरोखरचा. शेजारणीला सांगितलं, "हा माझ्या बापाला वळखायचा." बोलता बोलता तिनं सांगितलं की बाबा काही गेला नाही. पोचवला नाही तर जाणार कसा? दारातच असेल, उपाशी. म्हणून रोज दिवस मावळायला ती त्याला दाराबाहेर भात वाढते. त्याच्याच थाळात, मेण खरवडून. "पन त्यो जेवत नाय, दादा. तसाच राहतो भात. कावळा पन शिवत नाय. का रागावला कळत नाय. माझं काय चुकलं आसंल?"

तिनं मलाच विचारलं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो होतो. म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. पुढचं वाक्य बोललो नाही. तिनं ओंजळभर शेंगा बळेच माझ्या पिशवीत घातल्या, त्या मी घेऊन आलो.

तो रागावलेला नाही. तो तिच्या दारात नाहीच. मी बोलावत गेलो आणि तो इथे आला, इथून पुढची वाट सांगणारा आवाज मी पुसून टाकला. हे मला माहीत आहे, तिला नाही.

आता दिवस कलला आहे. आज दुपारी गेलेली लाईट अजून आलेली नाही, आणि आतल्या खोलीत पेटी घुमते आहे. तिकडे भागी थाळात भात वाढत असेल.