न वाकणारी जाळी

वांगं भाजल्याचा वास आला की मला लखनौ आठवतं. नव्वदच्या दशकात तिथल्या चिनहट भागातल्या कारखान्यात आम्ही लालबुंद तापूनही न वाकणारं स्टेनलेस स्टील बनवायच्या मागे होतो. पहिल्या, फसलेल्या स्टीलची एक जाळी मी घरी आणली होती. गॅसवर ती महिनाभरात मधोमध खचली. पुढे दोन हिवाळे भट्टीपुढे घालवल्यावर स्टील जमलं, आणि त्याची जाळी मी मोठ्या ऐटीत इंदिरा नगरच्या आमच्या स्वयंपाकघरात नेली. बायकोने भरताचं गोल वांगं तिच्यावर ठेवलं. जाळी लाल झाली, पण तसूभरही वाकली नाही. “अच्छा, जमलं की तुम्हाला,” ती म्हणाली, तोच वांगं घरंगळून ओट्यावर पडलं. तिने हसत जुनी जाळी काढली. तिच्या खळग्यात वांगं अलगद बसलं. नवी अजूनही तशीच सरळ आहे, माळ्यावर. आजचं वांगंही जुनीवरच भाजतंय.